कोचीचे भाडेकरू

आमच्या लग्नाला यंदा एकवीस वर्षे पूर्ण झाली. या एकवीस वर्षांत आम्ही उभयतांनी जो काही प्रवास केला तो लग्नकार्ये, बारशी, देवदर्शन आणि दवाखाने एवढ्यांसाठीच. जिथे गेलो तिथे कुणाचे ना कुणाचे घर होते. जिथे घर नव्हते तिथे आम्ही गेलोच नाही. म्हणून गेल्या आषाढात, बाहेर पाऊस कोसळत असताना, "या दिवाळीच्या सुटीत आपण कोचीला जाऊ या," असे मी म्हटले, तेव्हा सौ.ने हातातली सुई थांबवून विचारले, "तिथे आपले कोण आहे?"

अगदीच कोणी नव्हते असे नाही. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे मेहुणे एर्नाकुळमला नोकरीस आहेत. "गुरुजी, लॉजवर कशाला पैसे घालवता? चार दिवसांचा तर प्रश्न. आमच्याकडेच उतरा," असा त्यांचा आग्रहाचा निरोप आला होता. मी मोठ्या समाधानाने हिशेबाची वही काढली आणि खोलीभाड्याच्या रकान्यात शून्य मांडले.

"मग तुम्ही एकटेच जा," सौ. म्हणाली.

मी चकित झालो. मास्तराच्या घरात फुकटचे छप्पर नाकारणारे माणूस विरळाच. पण ती शांतपणे सांगू लागली, "अहो, मी जिथे जाते तिथे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटते. घरच्या बाईला मला बसवत नाही, आणि मला बसवून घेववत नाही. मला एकदा तरी पैसे मोजून, कुणाचे उपकार न घेता, एका खोलीत राहायचे आहे. खोली लहान असली तरी चालेल. पण सकाळी उठून 'वहिनी, चहा मी करते' असे म्हणावे लागू नये."

मला त्या वेळी थोडा रागच आला. मी वही मिटली आणि कोचीविषयी जमवलेली पुस्तके पुढे ओढली. वाचता वाचता मात्र एक गोष्ट ध्यानी येऊ लागली. जो प्रश्न सौ.ने सुई थांबवून विचारला होता, तोच प्रश्न हे बंदर सहाशे वर्षे विचारीत आले आहे. इथे आलेला माणूस कुणाच्या आधाराने उतरला, त्याने त्याचे मोल काय दिले, आणि गेला तो कसा गेला? कोचीचा सगळा इतिहास हा खरे पाहता भाडेकरूंचा इतिहास आहे.

हे बंदरही तसे उपरेच. त्याच्या उत्तरेस, पेरियार नदीच्या मुखाशी, फार प्राचीन काळी मुझिरिस नावाचे बंदर होते. रोमन गलबते तिथे सोने घेऊन येत आणि मिरी घेऊन जात. १३४१ साली पेरियारला महापूर आला, जुन्या बंदराचे मुख गाळाने बुजले आणि दक्षिणेकडे कोचीपाशी समुद्राने नवी वाट उघडली, असे मानले जाते. व्यापारी पाण्यामागे जातात. जुनी पेठ उठून नव्या मुखाशी येऊन बसली. मागे खाडीचे शांत पाणी, पुढे अरबी समुद्र आणि डोंगरात मिरीचे वेल. मग बंदराला आणखी काय हवे?

येथील राजा लहान होता. कालिकतच्या सामुद्रीचा, ज्याला पोर्तुगीज झामोरिन म्हणत, त्याचा वचक त्याच्यावर होता. १५०० सालच्या डिसेंबरात कालिकतला रक्तपात करून आणि तोफा डागून काब्रालची पोर्तुगीज जहाजे कोचीला आली. राजाने त्यांना मिरी दिली, वखारीला जागा दिली. यात निव्वळ औदार्य होते असे म्हणता येणार नाही. बलाढ्य शेजाऱ्याच्या जाचातून सुटण्यासाठी दूरचा मित्र बरा, हा हिशेबही होता. पण पुढे जे घडले ते हिशेबाच्या पलीकडचे आहे. १५०३ साली सामुद्री मोठे सैन्य घेऊन आला आणि त्याची मागणी एकच होती: तुझ्या आश्रयाला असलेले ते मूठभर फिरंगी माझ्या हवाली कर. राजाने नकार दिला. लढाईत त्याचा वारस युवराज पडला, राजधानी जळाली, राजाला समोरच्या वैपीन बेटावर आसरा घ्यावा लागला. तरी त्याने पाहुणे दिले नाहीत.

त्याच साली पोर्तुगालहून नवे आरमार आले आणि राजाला त्याची गादी परत मिळाली. उपकारांची फेड म्हणून त्याने पोर्तुगीजांना समुद्राच्या तोंडाशी किल्ला बांधू दिला. आज ज्याला फोर्ट कोची म्हणतात ते गाव म्हणजे त्या किल्ल्याची जागा. पहिला किल्ला लाकडी होता, पहिले चर्चही लाकडीच. पुढे दगडविटांचे काम झाले. १५३० साली गोव्याला राजधानी हलेपर्यंत पोर्तुगीजांच्या हिंदुस्थानातील कारभाराचे मुख्य ठाणे कोचीच होते. वखारीपुरती जागा मागणारा पाहुणा तीस वर्षांत घराचा मालक झाला, आणि घरधन्याला आपल्याच ओसरीवर खाकरून यावे लागू लागले! पुढे १५५५च्या सुमारास पोर्तुगीजांनी मट्टांचेरीला राजासाठी एक वाडा बांधून दिला. जवळचे एक देऊळ लुटल्यामुळे राजा रुष्ट झाला होता, त्याची समजूत काढण्यासाठी ही भेट होती, असे सांगतात. त्या वाड्यातील राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर रामायणाची चित्रे आहेत. ती पाहण्यासाठी मी यादीत एक अख्खी सकाळ राखून ठेवली आहे.

हे सारे मी एका संध्याकाळी सौ.ला वाचून दाखवले. ती म्हणाली, "म्हणजे त्या राजाला फुकटचा पाहुणा किती महाग पडला ते पाहा!" मी म्हटले, "अगं, आपण काय मेहुण्यांच्या घरी किल्ला बांधणार आहोत का?" त्यावर ती हसली, पण रकान्यातले माझे शून्य त्या संध्याकाळी पुसले गेले, हे मला कबूल केले पाहिजे.

मग आम्ही खोलीच्या मागे लागलो. साऱ्या प्रवासाला अठरा हजार रुपये आणि खोलीला रात्रीचे हजाराच्या आत, ही आमची मर्यादा. काही गोष्टी चौकशीत कळल्या, त्या वाचकांच्या उपयोगी पडतील म्हणून सांगतो. डिसेंबरच्या अखेरीस नाताळ आणि नववर्षाचा जत्रेसारखा उत्सव असतो. तेव्हा फोर्ट कोचीत साध्या खोलीचाही भाव चढतो. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा मुसळधार पाऊस. मे महिन्यात उकाडा असा की अंगावरचा सदरा दिवसातून दोनदा पिळावा. शिक्षकाला दिवाळीची किंवा मेची, एवढ्या दोनच सुट्या. दिवाळीच्या सुमारास तिकडे परतीचा पाऊस असतो. तो बहुधा दुपारनंतर ढगांच्या गडगडाटासह येतो आणि सकाळ मोकळी ठेवतो. तेव्हा सकाळी हिंडावे, दुपारी खोलीत पडावे, आणि छत्री कधीही विसरू नये. खोली घेताना पाहायचे ते एवढेच: मच्छरदाणी आहे का, कारण कोचीचे डास पूर्वापार प्रसिद्ध आहेत, पंखा चालतो का, खिडकीतून वारा येतो का. समुद्र दिसण्याचे वेगळे पैसे पडतात. तो खाली उतरून दहा पावलांवर फुकट दिसतो.

कोचीच्या दुसऱ्या भाडेकरूंची कथा अगदी निराळी आहे. कोडुंगल्लूर, म्हणजे जुन्या मुझिरिसच्या परिसरात, ज्यू लोक फार पूर्वीपासून राहत. इसवी सन १०००च्या सुमारास तेथील राजाने जोसेफ रब्बान नावाच्या त्यांच्या पुढाऱ्याला ताम्रपट करून दिला. पालखी, छत्री, दिवसा दिवा लावण्याचा मान असे बहात्तर हक्क त्यात होते. सोळाव्या शतकात तिथले दिवस बिघडले, तेव्हा ही माणसे कोचीला आली. त्याच सुमारास स्पेन आणि पोर्तुगालमधून हाकलले गेलेले त्यांचे धर्मबांधवही जग हिंडत इथे पोचले. राजाने त्यांना कुठे जागा दिली? आपल्या वाड्याला खेटून, वाड्यातल्या देवळाच्या शेजारी! १५६८ साली तिथे सिनेगॉग उभे राहिले. त्याच्या जमिनीवर चीनहून आणलेल्या हाताने रंगवलेल्या फरश्या आहेत, त्या १७६२ सालच्या. आणि बाहेरचा घड्याळाचा मनोरा १७६० सालचा. मूळ प्रार्थनामंदिराची १६६२ साली पोर्तुगीजांनी नासधूस केली होती, कारण ज्यूंनी डचांचा पक्ष घेतला असा त्यांचा राग होता. डच आल्यावर ते पुन्हा उभे राहिले.

या सिनेगॉगला अद्याप 'परदेशी सिनेगॉग' म्हणतात. साडेचारशे वर्षे एका गावात राहून नावात परदेशी! पण त्या नावात कुणाला उणेपणा वाटला नाही. मात्र आश्रयाला आलेल्यांनी आपल्यात उंबरे घालू नयेत असे थोडेच आहे? उशिरा आलेले गोरे ज्यू आधीपासूनच्या मलबारी ज्यूंना आणि आपल्याकडच्या पूर्वीच्या गुलामांच्या वंशजांना बरोबरीने बसू देत नसत. गेल्या शतकात ए. बी. सालेम या वकिलांनी त्याविरुद्ध सिनेगॉगातच गांधीजींच्या मार्गाने सत्याग्रह केला. १९४८ साली इस्रायल स्थापन झाले आणि हळूहळू बहुतेक कुटुंबे तिकडे निघून गेली. जाताना भांडण नव्हते, कटुता नव्हती. १९६८ साली सिनेगॉगला चारशे वर्षे झाली तेव्हा आपल्या सरकारने त्याचे टपाल तिकीट काढले. आज त्या आळीत मसाल्यांची आणि जुन्या वस्तूंची दुकाने आहेत, पाहुण्यांची गर्दी आहे. प्रार्थनेला माणसे नाहीत.

तिसरे भाडेकरू तर आपले भाऊबंद. १५१० साली गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेला, १५६० साली तिथे इन्क्विझिशन बसले. देव, पोथ्या आणि पोरेबाळे घेऊन अनेक कोकणी कुटुंबे किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकत गेली आणि त्यांतली बरीच कोचीला थांबली. नियतीची गंमत पाहा. ज्यांच्या जाचाने गाव सोडले त्याच पोर्तुगीजांचा किल्ला इथून जेमतेम मैल-दीड मैलावर! पण मट्टांचेरीचा भाग राजाचा, आणि राजाने त्यांना जागा दिली. तिथे त्यांनी वेंकटेशाचे तिरुमल देवस्थान उभारले, पेढ्या घातल्या, व्यापार वाढवला.

घरधनी नेहमीच प्रेमळ असतो, असे मात्र समजू नये. १७९१ साली शक्तन तंपुरान या राजाचे कोकणी व्यापाऱ्यांशी बिनसले. काहींना प्राणास मुकावे लागले, देवस्थानची संपत्ती लुटली गेली. मंडळींनी मूर्ती लपवून त्रावणकोरच्या राज्यात आलप्पुळला नेली, आणि ती परत यायला साठेक वर्षे लागली. भाड्याच्या घरात देव ठेवणाऱ्यांना देवाला बरोबर घेऊन पळण्याचीही तयारी ठेवावी लागते. तरीही ती माणसे परत आली, आणि आज चेरळायीच्या त्या देवळाभोवती कोकणी बोलणे ऐकू येते.

याच मंडळींतल्या तिघांनी कोचीच्या चौथ्या भाडेकरूला एक मोठे काम करून दिले आहे. १६६३च्या जानेवारीत डचांनी पोर्तुगीजांकडून किल्ला जिंकला. त्यांनी नव्या राजाला गादीवर बसवून त्याच्या डोक्यावर सोन्याचा मुकुट ठेवला आणि त्या मुकुटावर आपल्या कंपनीचे चिन्ह कोरले. म्हणजे घरधनी कोण याविषयी शंका नको! पण त्यांच्यातला व्हॅन ऱ्हीड नावाचा अधिकारी १६६९ ते १६७६ मलबारचा कारभार पाहत असताना तेथील झाडापाल्याच्या नादी लागला. इट्टी अच्युतन हा मलयाळी वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट हे तीन कोकणी पंडित यांच्या साहाय्याने त्याने वनस्पतींची माहिती जमवली. 'हॉर्टस मलबारिकस' हा तो ग्रंथ बारा खंडांत १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला; सातशेहून अधिक वनस्पती त्यात चितारलेल्या आहेत. पहिल्या खंडात त्या तिघांचे प्रशस्तिपत्र आहे, १६७५ सालच्या एप्रिल महिन्याचे, आपल्या नागरी अक्षरांत. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये नागरी! पुढे डॉ. के. एस. मणिलाल यांनी आयुष्याची अनेक वर्षे वेचून तो लॅटिन ग्रंथ इंग्रजीत आणला, तो २००३ साली प्रसिद्ध झाला. डचांच्या तोफा गंजल्या, मुकुटावरचे चिन्ह विस्मरणात गेले. त्यांनी या गावाकडून शिकून जे लिहून ठेवले ते राहिले.

इंग्रज १७९५ साली आले. त्यांनी १८०६ साली किल्ल्याची तटबंदी आणि पोर्तुगीजांचे जुने मोठे चर्च सुरुंग लावून उडवले. पुढे १९२० साली रॉबर्ट ब्रिस्टो हा इंजिनिअर आला. बंदराच्या मुखातली वाळू खणून, खाडीतला गाळ उपसून त्याने मोठ्या जहाजांना वाट केली आणि त्या गाळाचे विलिंग्डन बेट उभे केले. एर्नाकुळमहून फोर्ट कोचीला जाणारी बोट त्याच बंदरातून जाते. त्या बोटीचे तिकीट काही रुपयांत येते, तेव्हा हिशेबाच्या वहीतला माझा सर्वांत आवडता रकाना तोच आहे.

किल्ल्यातले सेंट फ्रान्सिस चर्च मात्र शिल्लक आहे. वास्को द गामा व्हाइसरॉय होऊन १५२४च्या सप्टेंबरात हिंदुस्थानात आला आणि २४ डिसेंबरला कोचीतच वारला. त्याला त्या चर्चमध्ये पुरले. पुढे १५३९ साली अस्थी पोर्तुगालला नेल्या. जागा अद्याप दाखवतात. ज्याने युरोपला हिंदुस्थानची सागरी वाट दाखवली, त्याचाही मुक्काम इथे पंधरा वर्षांच्या आतच संपला!

असो. खोलीचे काय झाले ते सांगून हे पुराण आटोपते घेतो. फोर्ट कोचीतील एका साध्या लॉजला मी दूरध्वनी केला. माझे हिंदी आणि पलीकडच्या गृहस्थांचे हिंदी यांची झटापट चालू असताना सौ. मध्येच मला म्हणाली, "अहो, मच्छरदाणीचे विचारा." पलीकडून क्षणभर शब्द आला नाही. मग ते गृहस्थ आनंदाने कोकणीत बोलू लागले. त्यांचे घर मट्टांचेरीला, देवळाजवळ. त्यांचे अर्धे बोलणे मला कळले नाही, पण सूर कळला. "तुम्ही म्हणजे आमचीच माणसे," असा त्याचा अर्थ होता, आणि शेवटी, "तुमच्याकडून पुरे भाडे कसे घेऊ?"

मी विरघळलो होतो. रकान्यातला आकडा खाली येताना दिसत होता. सौ.ने दूरध्वनी माझ्या हातातून घेतला आणि आपल्या साध्या मराठीत सांगितले, "दादा, भाडे पुरे घ्या. खोली तेवढी खिडकीची द्या."

ते मोठ्याने हसले. खोली खिडकीची मिळाली. वरच्या मजल्यावरची.

मेहुण्यांना मी सविस्तर पत्र लिहिले आहे. एका संध्याकाळी त्यांच्याकडे फराळाचे घेऊन जायचे, तासभर बसायचे आणि परतीच्या बोटीने खोलीवर यायचे असे ठरले आहे. चकल्या आणि अनारसे सौ. इथूनच करून नेणार आहे. त्यात तिला ओझे वाटत नाही. आपल्या हाताने नेलेले आणि आपल्या मर्जीने दिलेले.

मल्याळममध्ये मेजाला मेश, खुर्चीला कसेर आणि खिडकीला जनाल म्हणतात. हे शब्द पोर्तुगीजांचे. आपल्याकडची बादली, पगार आणि चावी हीही त्यांचीच देणगी. किल्ला गेला, तोफा गेल्या, आणि भाड्याच्या खोलीला लागते तेवढे सामान मागे राहिले. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा आम्ही बहुधा कोकण रेल्वेच्या गाडीत, बोगदे मोजत दक्षिणेकडे चाललो असू. चार रात्री राहायचे. सकाळी धक्क्यावर जाऊन, ती दगडांच्या भाराने तोललेली चिनी जाळी चार-सहा माणसे मिळून वर कशी ओढतात ते पाहायचे. दुपारी उकड्या तांदळाचा भात जेवून पाऊस ऐकत पडायचे. पाचव्या दिवशी पैसे चुकते करायचे आणि खोली झाडून, चावी परत देऊन निघायचे. खोली झाडण्याची अट सौ.ची आहे. मी म्हटले, "अगं, त्यासाठी तिथे माणूस असतो." ती म्हणाली, "असू दे. चार दिवस आपली होती ना?"